विशेष लेकरू, आईचा मोबाइल आणि गटाची बैठक

 

मी बचत गटांची सहयोगिनी. महिन्यातले बरेचसे दिवस माझे गावोगावच्या बैठकांत जातात. बैठकीत आपण बचत, कर्जफेड, खत-बियाणं असं सगळं बोलतो. पण जवळजवळ प्रत्येक गावात एखादी अशी आई असते, जी बैठकीत काही बोलत नाही आणि नंतर बाजूला घेऊन विचारते, "ताई, आमच्या पोराचं काही होईल का?" कुणाचं लेकरू सहा वर्षांचं झालं तरी बोलत नाही. कुणाची मुलगी हाक मारली तरी वळून बघत नाही. कुणाचा मुलगा उभाच राहू शकत नाही, दिवसभर खाटेवर असतो. आता तर या आया पुढे हेही विचारतात, "मोबाइलवर म्हणे सगळं असतं, मग आमच्या लेकरासाठी त्यात काही आहे का?"

आहे. पुष्कळ आहे, आणि त्यातलं बरंचसं फुकट आहे. आज त्याबद्दलच बोलायचं आहे. पण सुरुवातीलाच एक गोष्ट सांगते, ती मनात धरून पुढचं ऐका. हे साहित्य लेकराच्या हातात मोबाइल देऊन त्याला गप्प बसवण्यासाठी नाही. ते आपण मोठ्यांनी पाहायचं. आईने, आजीने, मोठ्या बहिणीने, शाळेतल्या बाईंनी दहा मिनिटं पाहायचं, समजून घ्यायचं, मोबाइल ठेवून द्यायचा आणि मग घरातल्या वस्तू घेऊन लेकरासोबत करायचं. शिकायला मोबाइल आपल्याला लागतो. लेकराला आपण लागतो.

आता आपल्याकडे याची एवढी गरज का, ते बघा. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपूरपासून वेगळा झाला. १४ हजार चौरस किलोमीटरहून मोठा जिल्हा, १२ तालुके, आणि बहुतेक भाग जंगलाचा. सिरोंच्याहून जिल्ह्याच्या ठिकाणी यायचं तर दोनशे किलोमीटरच्या वर अंतर पडतं. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ आनंदवन आहे. बाबा आमटेंनी १९४९ मध्ये कुष्ठरुग्णांसाठी ते सुरू केलं. पुढे तिथे अंध मुलांची आणि कर्णबधिर मुलांची शाळाही उभी राहिली. आपल्या भागातली लेकरं तिथे राहून शिकली आहेत. पण सहा वर्षांचं, न बोलणारं लेकरू एवढ्या दूर ठेवायला प्रत्येक आईचं मन तयार होत नाही. आणि काही लेकरांचा त्रास असा असतो की त्यांनी आईजवळच राहायला हवं.

सरकारच्या समग्र शिक्षा योजनेत विशेष शिक्षक असतात. तालुक्याच्या गटसाधन केंद्रातून ते शाळांना भेटी देतात, गरज असेल तर घरीही येतात. पण एका शिक्षकाकडे किती शाळा आणि मधे किती नदी-नाले, ते आपल्याला माहीत आहे. पावसाळ्यात नाला भरला की भामरागडकडचा रस्ताच बंद होतो. मग दोन भेटींच्या मधे जे दिवस जातात, त्या दिवसांत लेकराला कोण शिकवणार? घरातलं माणूसच शिकवणार. आणि त्या माणसाला कसं शिकवायचं हे दाखवायला कुणी जवळ नसेल, तर तिथे मोबाइल कामी येतो.

हा आपल्यावर कुणाचा उपकार नाही, हेही लक्षात ठेवा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगता धरली आहे. ज्याची दिव्यांगता ४० टक्के किंवा त्याहून जास्त आहे, अशा ६ ते १८ वर्षांच्या प्रत्येक लेकराला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे. ज्याची दिव्यांगता फार तीव्र आहे, त्याला घरी राहून शिकण्याचा पर्यायही शिक्षण हक्क कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने आला. म्हणून "याचं नाव शाळेत घालून काय उपयोग?" असं कुणी म्हटलं, तर तुम्ही म्हणायचं, "नाव घालाच. तो त्याचा हक्क आहे."

आता एकेक गोष्ट घेऊ.

पहिली गोष्ट म्हणजे ओळखणं. लेकराला नक्की अडचण काय आहे? शिक्षकांसाठी एनसीईआरटी या संस्थेने २०२२ मध्ये 'प्रशस्त' नावाचं अॅप काढलं. त्यात प्रश्नांची यादी आहे. मूल फळा बघताना डोळे बारीक करतं का, हाक मारल्यावर वळतं का, पेन्सिल धरता येते का, असं एकेक बघत शिक्षक नोंद करतात आणि कोणत्या मुलाला पुढे तपासणीला पाठवायचं ते ठरवतात. आपण शाळा व्यवस्थापन समितीत असलो, तर गुरुजींना विचारायचं, "सर, आपल्या शाळेत प्रशस्तची यादी भरली का?" एवढं विचारलं तरी काम हलतं. पण ती यादी म्हणजे डॉक्टरचं प्रमाणपत्र नव्हे. ती फक्त शंका दाखवते. तिच्यावरून कुणी लेकराला नाव ठेवायला लागलं, तर ते चालू द्यायचं नाही.

आणि आपल्या जिल्ह्यासाठी इथे आणखी एक मोठी गोष्ट आहे. आपल्याकडे घरोघरी मराठी बोलत नाहीत. भामरागड, एटापल्लीत माडिया आहे, धानोऱ्याकडे गोंडी आहे, सिरोंच्याला तेलुगू आहे, मुलचेऱ्याला बंगाली आहे, कोरचीकडे छत्तीसगडी आहे. माडिया घरातलं लेकरू पहिलीत जाऊन बसतं आणि बाई मराठीत बोलतात. ते सहा महिने गप्प राहतं. मग कुणीतरी म्हणतं, "हे पोर मंद आहे." अहो, ते मंद नाही, त्याला भाषा कळत नाही! घरी ते बकऱ्या मोजतं, आजीला चिडवतं, मित्राला गोष्ट सांगतं. म्हणून आईने पुढे येऊन सांगायला हवं, "बाई, घरी आमच्या भाषेत हा सगळं बोलतो." आणि उलटही खरं आहे. जे लेकरू घरच्या भाषेतही बोलत नाही, बोट दाखवत नाही, आपल्या डोळ्यांकडे पाहत नाही, त्याला "भाषेचं आहे, होईल हळूहळू" म्हणून सोडून देऊ नका. त्याला तपासायलाच न्या.

तपासायला कुठे न्यायचं? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना ते तपासतं आणि गरज असेल त्याला जिल्हा रुग्णालयाकडे पाठवतं. पथक कधी येणार, ते अंगणवाडीताईंना आधीच विचारून ठेवा. नेमका तोच दिवस तेंदूपत्त्याचा किंवा रोवणीचा असतो आणि आपण लेकराला घेऊन शेतावर गेलेलो असतो.

दुसरी गोष्ट, ओळखपत्र. दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड यांचा अर्ज आता 'स्वावलंबन' या सरकारी संकेतस्थळावर भरतात. मोबाइलवरही भरता येतो, नाही तर सेवा केंद्रात जाऊन भरायचा. अर्ज भरला की लेकराला रुग्णालयात तपासणीला न्यावं लागतं. कार्डाला रंग असतो. ४० टक्क्यांच्या आत पांढरा, ४० पासून ८० च्या आत पिवळा आणि ८० किंवा त्याहून जास्त असेल तर निळा. अर्ज भरताना आधारवरचं नाव आणि अर्जावरचं नाव अक्षर न अक्षर जुळतं का, ते पाहा. 'मडावी' कुठे 'मडवी' झालं तर पुढे फार हेलपाटे होतात. अर्जाचा नंबर गटाच्या वहीतही लिहून ठेवा. मोबाइल हरवतो, वही हरवत नाही.

आता शिकवण्याकडे येऊ.

ज्या घरी ऐकू न येणारं लेकरू आहे, त्या घरासाठी. दिल्लीला भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे, २०१५ मध्ये सुरू झालेलं. त्यांनी खुणांचा शब्दकोश केला आहे. २०२१ मध्ये त्यात १० हजार शब्द झाले. प्रत्येक शब्दाची खूण कशी करायची याचा छोटा व्हिडिओ आहे आणि तो यूट्यूबवर फुकट दिसतो. त्यांचं 'साइन लर्न' नावाचं अॅपही आहे. शिवाय डिसेंबर २०२४ पासून पीएम ई-विद्या योजनेत ३१ क्रमांकाची एक स्वतंत्र वाहिनी सांकेतिक भाषेसाठी सुरू आहे.

पण १० हजार शब्द आपल्याला एकदम नकोत. आठवड्याला पाच शब्द घ्या. पाणी, जेवण, आई, झोप, दुखतं. आई, बाबा, आजी, भाऊ अशा घरातल्या सगळ्यांनी त्याच पाच खुणा करायच्या. एकटी आई करत राहिली तर लेकरू फक्त आईशीच बोलू शकेल. एका गावात मी पाहिलं, शेजारच्या चार पोरांनी खेळता खेळता या खुणा उचलल्या आणि ती मुलगी त्यांच्यासोबत गोट्या खेळायला लागली. काही जण म्हणतात, खुणा शिकवल्या तर मूल बोलायचं शिकणार नाही. असं घाबरू नका. खुणांमुळे त्याला भाषा मिळते, आणि डॉक्टरांनी श्रवणयंत्र दिलं असेल तर तेही सोबत चालूच ठेवायचं.

ज्याला ऐकू येतं पण बोलता येत नाही, अशा लेकरासाठी आयआयटी मुंबईने 'जेलो' नावाचं फुकट अॅप तयार केलं आहे. त्यात चित्रं आहेत. चित्रावर बोट ठेवलं की मोबाइल ते शब्द बोलतो. मराठीतही बोलतो. 'आवडतं', 'नको', 'आणखी हवं' अशी बटणंही त्यात आहेत. ज्या लेकराने आयुष्यात कधी 'नको' म्हटलं नाही, फक्त रडलं किंवा स्वतःला चावलं, त्याला 'नको' म्हणता येणं किती मोठी गोष्ट आहे, याचा विचार करा.

मोबाइल दिवसभर बाबांकडे असतो ना? मग हीच रीत कागदावर करा. जुन्या वहीच्या पुठ्ठ्याचे पाच तुकडे करा. एकावर पाण्याचा गडू काढा, एकावर ताट, एकावर संडास, एकावर दुखऱ्या पोटावर हात ठेवलेलं लेकरू आणि एकावर अंगणातलं झाड. वरून प्लॅस्टिक लावा आणि सुतळीने दाराजवळ टांगा. लेकराने चित्राला हात लावला की लगेच ती गोष्ट द्या आणि तोंडाने तो शब्दही बोला. तुमच्या भाषेत बोला. माडिया असेल तर माडियात. आणि विचारल्यावर थांबा. मनात दहापर्यंत अंक मोजा. आपण फार घाई करतो, त्याने हात उचलायच्या आत आपणच पाणी तोंडाला लावतो.

आता न दिसणाऱ्या किंवा कमी दिसणाऱ्या लेकरांसाठी. बालभारतीची पाठ्यपुस्तकं 'ई-बालभारती'च्या संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येतात. कमी दिसणारी मुलगी मोबाइलवर तेच पान दोन बोटांनी मोठं करून वाचू शकते. ज्यांना छापील पुस्तक वाचताच येत नाही, त्यांच्यासाठी 'सुगम्य पुस्तकालय' हे ऑनलाइन वाचनालय २०१६ पासून सुरू आहे. त्याचं सभासद व्हावं लागतं आणि त्यासाठी प्रमाणपत्र लागतं, म्हणून कार्डाचं काम आधी सांगितलं. अँड्रॉइड मोबाइलमध्ये 'टॉकबॅक' नावाची सोय मुळातच असते. ती चालू केली की पडद्यावर जे आहे ते मोबाइल वाचून दाखवतो. ती चालू झाली की बोटाने चालवायची पद्धत बदलते, त्यामुळे पहिल्यांदा शिक्षकांना सोबत घेऊनच चालू करा.

ज्यांचे हातपाय ताठ आहेत किंवा तोल राहत नाही, ज्याला सेरेब्रल पाल्सी म्हणतात, अशा लेकरांसाठी एक जुनं पुस्तक आहे. डेव्हिड वर्नर नावाच्या माणसाने १९८७ मध्ये लिहिलेलं 'डिसेबल्ड व्हिलेज चिल्ड्रन'. ते इंग्रजीत आहे आणि इंटरनेटवर फुकट मिळतं. मेक्सिकोच्या डोंगराळ खेड्यात, जिथे मोठं रुग्णालय नव्हतं, तिथे गावातल्याच दिव्यांग माणसांनी मुलांसाठी केलेल्या कामातून ते तयार झालं. त्यात पानोपानी चित्रं आहेत. लाकडाची, बांबूची साधनं घरी कशी करायची, ते काढून दाखवलं आहे. चालायला शिकणाऱ्या मुलाला दोन्ही बाजूंनी धरायला दोन आडवे दांडे हवे असतात. आपल्याकडे बांबूला काय तोटा? कॉलेजात जाणाऱ्या मुलीला चित्राखालचं इंग्रजी वाचून द्यायला सांगा आणि गावातल्या बुरडाला चित्र दाखवा. मात्र आपल्या लेकराला कोणतं साधन योग्य, ते फिजिओथेरपीच्या डॉक्टरांना किंवा विशेष शिक्षकांना विचारूनच ठरवायचं. चुकीचं बसवलं तर पाय आणखी आखडतात. आणि एक गोष्ट मात्र आजपासूनच करा. अशा लेकराला आडवं झोपवून भरवू नका. पाठीला आधार देऊन बसतं करा, मान किंचित पुढे ठेवा आणि लहान लहान घास द्या. आडवं असताना घास श्वासनळीत जातो आणि त्यातून छातीचा आजार होतो.

आणि आता ज्यांचं शिकणं हळू आहे, ज्यांना बौद्धिक दिव्यांग म्हणतात, आणि जी लेकरं स्वमग्न आहेत, त्यांच्याबद्दल. मुंबईची 'उम्मीद' संस्था २००१ पासून अशा मुलांसाठी काम करते. हैदराबादची 'नयी दिशा' ही संस्था पालकांसाठी माहिती तयार करते. या संस्थांचे लेख आणि व्हिडिओ इंटरनेटवर आहेत. तिथे तुम्हाला जी पद्धत पुन्हा पुन्हा दिसेल, ती मी इथेच सांगते, म्हणजे रेंज नसली तरी अडणार नाही.

काम छोट्या पायऱ्यांत तोडायचं आणि शेवटची पायरी आधी शिकवायची. चड्डी घालायला शिकवायचं आहे ना? पाय घाला, गुडघ्यापर्यंत ओढा, मांडीपर्यंत ओढा, कमरेपर्यंत ओढा, अशा चार पायऱ्या झाल्या. पहिल्या तीन आपण करायच्या आणि शेवटची, कमरेपर्यंत ओढायची, लेकराला करू द्यायची. काम पुरं झालं ते त्याच्या हातून झालं, म्हणून त्याला आनंद होतो. आठ-दहा दिवसांत ते जमलं की शेवटच्या दोन पायऱ्या त्याच्या. असं करत करत मागे यायचं. जेवणं, हात धुणं, केस विंचरणं, सगळं या रीतीने शिकवता येतं.

शिकवायला सामानही विकत आणू नका. सुपात चिंचोके आणि हिरडे मिसळून ठेवा आणि वेगळे करायला सांगा. मोहफुलं वेचताना लहान टोपली त्याच्याही हातात द्या. टोपली भरली म्हणजे काम संपलं, हे त्याला डोळ्यांनी दिसतं. स्वमग्न लेकराला आता काय, नंतर काय, हे कळलं नाही की त्याचा गोंधळ होतो. त्याच्यासाठी दिवसाची चित्रं ओळीने भिंतीवर लावा. उठणं, तोंड धुणं, खाणं, शाळा, खेळ, झोप. एक काम झालं की ते चित्र उलटं करायचं.

गोष्टी हव्यात तर प्रथम बुक्सचं 'स्टोरीवीव्हर' आहे, २०१५ पासून. त्यावर चित्रांची मोठमोठी पुस्तकं फुकट आहेत, मराठीत आहेत आणि गोंडीतही आहेत. ज्या घरात आजीला फक्त गोंडी येते, तिथे ती पुस्तकं कुणीतरी वाचून दाखवा. लेकरापेक्षा आजीच जास्त खूश होते, हे मी पाहिलं आहे.

आता तुम्ही म्हणाल, ताई, हे सगळं खरं, पण आमच्या टोल्यावर रेंज कुठे आहे? बरोबर आहे. म्हणून यासाठी गट हवा. आठवडी बाजाराच्या दिवशी आपण रेंजमध्ये येतोच. गटातल्या एकीने, जिला मोबाइल चांगला चालवता येतो तिने, त्या दिवशी दोन व्हिडिओ आणि एक पुस्तक उतरवून घ्यायचं. पुढच्या बैठकीत बचत गोळा झाली की दहा मिनिटं सगळ्यांनी मिळून ते पाहायचं. इंग्रजी किंवा हिंदी असलं तर जिला कळतं तिने आपल्या भाषेत सांगायचं. मग ज्या आईचं लेकरू आहे तिने सांगायचं, मागच्या वेळचं जमलं की नाही. हे एकटीने पाहण्यापेक्षा फार वेगळं होतं. मी ज्या गावांत हे होताना पाहिलं, तिथे दोन-तीन बैठकांनंतर ती आई लेकराला सोबत घेऊन यायला लागली. आधी ते घरात, पडद्यामागे असायचं.

काही बाबतीत मात्र फार सावध राहायचं. यूट्यूबवर "स्वमग्नता तीन महिन्यांत बरी", "मतिमंद मूल हुशार करणारं चूर्ण" असे व्हिडिओ येतात. खाली नंबर असतो, पैसे मागतात. स्वमग्नता हा रोग नाही की जो औषधाने जाईल. शिकवण्याने लेकरू पुढे जातं, पण चूर्णाने नाही. लेकराला झटके येत असतील, ज्याला आपण मिरगी म्हणतो, तर डॉक्टरांनी दिलेली गोळी कोणत्याही व्हिडिओच्या किंवा पुजाऱ्याच्या सांगण्यावरून बंद करू नका. अचानक बंद केल्याने झटके वाढतात, जीवही जाऊ शकतो. कार्ड काढून देतो म्हणून कुणी फोनवर ओटीपी मागितला तर देऊ नका. आणि लेकराचा व्हिडिओ काढून तो गावच्या ग्रुपवर टाकू नका. विशेष शिक्षकांना दाखवायला काढला तर त्यांनाच पाठवा. मुलगी असेल तर आणखी जपा. तिची अब्रू तीच आहे, जी आपल्या दुसऱ्या मुलीची आहे.

आता पैशाचं. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. महाराष्ट्रात हा नियम आहे. ग्रामसभेत उठून विचारायचं, "आपल्या गावात या निधीचं काय झालं?" दिव्यांग मुलांच्या घरांसाठी त्यातून काय घेता येईल, ते ग्रामसेवकांशी बोलून ठरवा. काही गावांत ग्रामसभेकडे बांबूचं, तेंदूचं स्वतःचं उत्पन्न असतं. मेंढा-लेखासारख्या गावांनी वनहक्क मिळवून ते आपल्या हातात आणलं. त्या पैशातून एक टॅबलेट घेऊन शाळेत किंवा समाजमंदिरात ठेवायचा, असा ठराव ग्रामसभा करू शकते. शाळेतल्या मुलांना प्रवासभत्ता, मदतनीस भत्ता आणि दिव्यांग मुलींना प्रोत्साहन भत्ताही समग्र शिक्षेत आहे. विशेष शिक्षक आले की त्यांना विचारा आणि मुलाचं बँक खातं चालू आहे ना, ते बघून ठेवा.

विशेष शिक्षक हा शब्द मी आज खूपदा घेतला. माझ्या अनुभवात हे शिक्षक मनापासून काम करतात, पण ते गावात दोन तास असतात आणि आपण बावीस. ते आले की चहा देऊन निरोप देऊ नका. शेजारी बसा आणि विचारा, "सर, पुढच्या भेटीपर्यंत मी काय करू? करून दाखवा." त्यांनी करून दाखवलं की त्यांची परवानगी घेऊन त्यांच्या हातांचा व्हिडिओ काढून ठेवा. पायाचा व्यायाम कसा द्यायचा, हात कुठे धरायचा. तुमच्या लेकरासाठी, तुमच्या भाषेत, तुमच्या अंगणातला तो व्हिडिओ कोणत्याही यूट्यूबपेक्षा जास्त कामाचा आहे. आणि तो बघायला रेंजही लागत नाही.

शेवटचं बोलते ते त्या आईबद्दल. रात्रभर जागून, दिवसभर उचलून तिची कंबर जाते. त्यात सासू म्हणते, तुझ्याच पोटचं असं कसं निघालं. बायांनो, यात तिचा दोष नाही. लेकराला हे ग्रहणामुळे झालं नाही, कुणाच्या नजरेनेही झालं नाही. गटाने आठवड्यातून एक दुपार ठरवून द्या, एकीने दोन तास लेकराजवळ बसायचं आणि त्या आईने झोपायचं, नाही तर नुसतं नदीवर जाऊन यायचं. मन फारच खचलं असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा नंबर आहे, फुकट आहे, कुणाशीतरी बोलता येतं.

तर या आठवड्याचं काम सांगते. तुमच्या गटात नाही तर टोल्यात असं लेकरू कोणत्या घरी आहे, ते आठवा. बैठकीच्या दिवशी त्या घरी जा आणि म्हणा, "बाई, तू ये, आणि लेकरालाही आण." आल्यावर लेकराशी बोला. नाव घेऊन हाक मारा. उत्तर नाही आलं तरी दहापर्यंत मोजा, आणि पुन्हा हाक मारा.

चला, आता वेळ झाली. काही विचारायचं असेल तर रेडिओ केंद्रावर निरोप ठेवा किंवा तुमच्या गावच्या सहयोगिनीला सांगा. नमस्कार. जय सावित्री.